परोपकाराचें माप

अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्यानें निघालें म्हणजे थोड्याच वेळांत पेढी नदीच्या कांठचें वलगांव लागतें. याच गांवाजवळ २० डिसेंबर १९५६ रोजीं श्रीगाडगे महाराजांनीं देह ठेवला. त्या ठिकाणाला आमच्या वऱ्हाडांत निर्वाणभूमि म्हणतात. कांहीं वर्षांपूर्वीं महाराजांच्या पुण्यतिथीच्या निमित्तानें वलगांवीं व्याख्यान देण्याचा योग मला आला होता. विषय होता 'सेवाधर्म'.

घरून निघावयास मला उशीर झाला. वाटेंत रस्त्याच्या कडेला एक म्हातारा बसलेला दिसला. शेजारीं त्याची सायकल आडवी पडली होती, तिच्यावरचें गाठोडें सुटलें होतें आणि कापूस धुळींत विखुरला होता. म्हाताऱ्यानें आपला एक गुडघा दोन्ही हातांनीं धरून ठेवला होता. मीं मोटार थांबविली, कांच खालीं केली आणि विचारलें, "काय झालें, बाबा? लागलें का?" त्यानें माझ्या परीटघडीच्या कपड्यांकडे पाहिलें आणि म्हटलें, "काई नाई, बापू. जा तुमी, तुमाले उशीर होत असन." मीं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलें आणि पुढें गेलों. व्याख्यान चांगलें झालें, टाळ्याही पडल्या. परततांना अंधार झाला होता. त्या जागीं कापसाच्या दोनचार पुंजक्यांखेरीज कांहीं उरलें नव्हतें.

ही गोष्ट आज सांगण्याचें कारण असें कीं, पुढें मानसशास्त्राचीं पुस्तकें चाळतांना मला एक प्रयोग आढळला, आणि तो वाचतांना कोणी मलाच परीक्षेस बसविलें होतें कीं काय, असा भास झाला. परोपकार ही मोजतां येण्यासारखी वस्तु आहे काय? पायलीनें ज्वारी मोजावी तसें माणसाच्या अंगचें चांगुलपण मोजतां येईल काय? गेल्या साठसत्तर वर्षांत मानसशास्त्रज्ञांनीं हा उद्योग मोठ्या चिकाटीनें केला आहे. त्यांतून त्यांच्या हातीं काय लागलें, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम तो प्रयोगच सांगतों. जॉन डार्ली व डॅनियल बॅटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्राच्या विद्यालयांतील चाळीस विद्यार्थ्यांवर तो केला आणि १९७३ सालीं प्रसिद्ध केला. प्रत्येक विद्यार्थ्याला एक छोटें भाषण देण्यासाठीं शेजारच्या इमारतींत जावयाचें होतें. निम्म्यांना भाषणासाठीं बायबलांतील एक दृष्टांत दिला होता. लुटारूंनीं अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूला पाहून धर्मगुरु बाजूनें निघून जातो आणि परक्या जातीचा एक शोमरोनी मात्र त्याला उचलून नेतो, ही ती कथा. उरलेल्या निम्म्यांचा विषय अगदीं निराळा होता. निघतांना कांहींना सांगण्यांत आलें, 'तुम्हांला उशीरच झाला आहे, त्वरा करा'. कांहींना सांगण्यांत आलें, 'आतां निघा, वेळ झाली आहे'. आणि कांहींना, 'अजून अवकाश आहे, पण निघालांत तरी चालेल'. वाटेंतील बोळांत एका दाराशीं एक मनुष्य मान टाकून, डोळे मिटून बसला होता. विद्यार्थी जवळ आला म्हणजे तो खोकत असे आणि कण्हत असे. हा अर्थातच प्रयोगकर्त्यांनीं बसविलेला मनुष्य होता.

ज्यांना सवड होती त्यांपैकीं शेंकडा ६३ जणांनीं कांहीं ना कांहीं मदत केली; मध्यम घाईंत असणाऱ्यांपैकीं शेंकडा ४५ जणांनीं; आणि ज्यांना उशीर झाला होता त्यांपैकीं शेंकडा अवघ्या १० जणांनीं. भाषणाचा विषय कोणता होता, यामुळें म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. त्या दयाळू शोमरोन्यावर बोलावयास निघालेले कांहीं विद्यार्थी घाईघाईंत त्या कण्हणाऱ्या मनुष्याला अक्षरशः ओलांडून गेले. सेवाधर्मावर बोलावयास निघालेल्या माझ्यासारख्यानें हें वाचून काय म्हणावें?

परंतु मला अधिक अंतर्मुख केलें तें त्यांच्या गुणांच्या कोष्टकानें. तो मनुष्य संकटांत आहे हें ज्याच्या लक्षांतच आलें नाहीं त्याला शून्य. लक्षांत येऊनही ज्यानें कांहीं केलें नाहीं त्याला एक. स्वतः न थांबतां ज्यानें पुढें जाऊन दुसऱ्याला कळविलें त्याला दोन. ज्यानें थांबून 'मदत हवी का?' असें विचारलें त्याला तीन. ज्यानें आग्रहानें त्याला आंत नेलें आणि मग तो आपल्या कामाला गेला त्याला चार. आणि जो त्याला सोडून जावयास तयारच झाला नाहीं त्याला पांच. कोणी चौकशी केल्यास त्या मनुष्यानें काय बोलावें, हेंही ठरलेलें होतें. 'मला श्वासाचा विकार आहे, आतांच गोळी घेतली आहे, थोडें बसलों कीं बरें वाटेल', असें त्यानें म्हणावयाचें होतें. म्हणजे, 'जा तुमी, तुमाले उशीर होत असन', हेंच तें वाक्य!

श्रोतेहो, या कोष्टकांत मला पांचांपैकीं तीन गुण मिळतात. त्या चाळिसांपैकीं सोळा जणांनीं मदत केली असें प्रयोगाच्या वृत्तांतांत म्हटलें आहे, आणि त्यांच्या हिशेबानें मीही त्यांच्याच पंक्तींत बसलों असतों. परंतु गुण माझ्या पदरांत पडले आणि म्हातारा धुळींत राहिला, हें मी विसरूं शकत नाहीं. तेव्हां मोजणीविषयींचा पहिला धडा असा कीं, काय मोजावयाचें हें ठरविण्यांतच अर्धें उत्तर ठरून जातें. धान्य तेंच आणि पायली तीच. पण शीग लावून मोजलें तर एक हिशेब येतो आणि शीग पुसून मोजलें तर दुसरा.

याच धड्याचें एक मोठें उदाहरण सांगतों. २०१९ सालीं एक प्रचंड प्रयोग प्रसिद्ध झाला. चाळीस देशांतील ३५५ शहरांत मिळून १७,३०३ पाकिटें, 'हें रस्त्यांत सांपडलें, मी घाईंत आहें, तुम्हीच काय तें पाहा', असें सांगून बँकांत, नाट्यगृहांत, टपालकचेऱ्यांत, हॉटेलांत आणि पोलीस ठाण्यांत देण्यांत आलीं. त्या देशांत आपला भारतही होता. पाकिटांत एक किल्ली, वाणसामानाची यादी आणि मालकाचा पत्ता होता. कांहींत थोडे पैसेही होते. लोक मालकाला ई-मेल पाठवून कळवितात कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें होतें. बिनपैशाच्या पाकिटांविषयीं शेंकडा ४० जणांनीं कळविलें, आणि पैसे असलेल्या पाकिटांविषयीं शेंकडा ५१ जणांनीं. पैसे असले तर प्रामाणिकपण वाढेल, असें भाकीत पंडितांनाही करतां आलें नव्हतें. पैसे ठेवून घेतले तर आपण आपल्याच नजरेंत चोर ठरूं, ही लाज लोभाहून बळकट ठरली, असा त्याचा अर्थ प्रयोगकर्त्यांनीं लाविला.

परंतु चीन देशाचें प्रमाण या यादींत फार खालीं लागलें, आणि तेथील संशोधकांनीं पुढें तोच प्रयोग आपल्या पद्धतीनें पुन्हां केला. त्यांना असें आढळलें कीं, ई-मेल करणारे थोडे निघाले, तरी पाकीट जसेंच्या तसें जपून ठेवून मालकाची वाट पाहणारे कितीतरी अधिक होते. मालकाला शोधीत जाणें हा एक प्रामाणिकपणा. त्याची ठेव सांभाळून बसणें हा दुसरा. एकच माप घेऊन साऱ्या जगांत फिरणारानें हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

आतां गर्दीची गोष्ट. मार्च १९६४ मध्यें न्यूयॉर्क शहरांत किटी जिनोव्हीझ नांवाच्या तरुणीचा रात्रीं खून झाला. अडतीस शेजाऱ्यांनीं तो पाहिला आणि एकही जण हालला नाहीं, असें वृत्तपत्रांत छापून आलें. हें वर्णन पुष्कळच अतिरंजित होतें असें पुढें निष्पन्न झालें. परंतु त्या वार्तेनें डार्ली आणि बिब लाताने या दोघांस विचार करावयास लाविलें, आणि १९६८ सालीं त्यांचा प्रसिद्ध प्रयोग बाहेर आला. विद्यार्थ्यांना निरनिराळ्या खोल्यांत बसवून ध्वनियंत्रावरून एकमेकांशीं बोलावयास सांगितलें होतें. बोलतां बोलतां त्यांतील एकाला अपस्माराचा झटका आल्यासारखें वाटे. त्याचा आवाज अडखळे, तो मदत मागे. वस्तुतः तो आवाज आधीं मुद्रित करून ठेवलेला होता. ऐकणारा आपण एकटेंच आहों असें ज्यांना वाटत होतें, त्यांपैकीं शेंकडा ८५ जण झटका संपण्यापूर्वींच खोलीबाहेर धांवले. आणखी एक जण ऐकतो आहे असें वाटल्यास हें प्रमाण ६२ वर आलें; आणखी चौघे ऐकत आहेत असें वाटल्यास ३१ वर.

जे धांवले नाहींत ते दगडाच्या काळजाचे होते काय? मुळींच नाहीं. प्रयोगकर्ता आंत गेला तेव्हां त्यांतील कित्येकांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम सुटला होता, आणि 'तो बरा आहे ना?' असें ते काकुळतीनें विचारीत होते. दया होती, पण ती पांच जणांत वांटली गेली आणि कोणाच्याच वांट्याला पुरेशी आली नाहीं. यात्रेंत किंवा एस. टी. च्या स्थानकावर कोणी घेरी येऊन पडला म्हणजे भोंवतीं कडें होतें आणि पाण्याचा तांब्या मात्र लवकर येत नाहीं, हा आपलाही अनुभव आहे.

तिसरी गोष्ट पाहणाऱ्या डोळ्यांची. अर्थशास्त्रज्ञांनीं एक अगदीं साधा खेळ काढला आहे. तुम्हांला कांहीं रक्कम द्यावयाची आणि सांगावयाचें कीं, शेजारच्या खोलींतील अनोळखी मनुष्याला यांतून हवें तर द्या, नको असेल तर देऊं नका; तो कांहीं बोलूं शकणार नाहीं. या खेळाला ते 'हुकूमशहाचा खेळ' म्हणतात. शंभराहून अधिक निबंधांतील निकाल २०११ सालीं एकत्र करण्यांत आले, तेव्हां असें दिसलें कीं, लोक सरासरीनें शेंकडा २८ भाग देऊन टाकतात आणि शंभरांतील ३६ जण कांहींच देत नाहींत. पण कोणीं किती दिलें हें प्रयोगकर्त्यालाही कळूं नये अशी व्यवस्था १९९४ च्या एका प्रयोगांत केली, तेव्हां कांहीं न देणारे जवळजवळ दोन तृतीयांश निघाले. आणखी एका संशोधकानें २००७ सालीं असें दाखविलें कीं, 'हवें तर दुसऱ्याच्या वांट्यांतून काढून घ्या' एवढी एक जादा मुभा ठेवली, तरी देणाऱ्यांची संख्या झरझर उतरते. देवळाच्या फरशीवर नांव कोरण्याची सोय असली म्हणजे वर्गणी कशी जमते, आणि यादींत 'गुप्तदान' असें लिहून घेणारे किती असतात, याचा विचार केला तर या निकालाचें नवल वाटणार नाहीं.

मग कोणी म्हणेल, परोपकार म्हणून कांहीं खरोखर नाहींच. जो तो आपलें नांव राखतो किंवा आपल्या मनाची टोंचणी शमवितो. या आक्षेपाला उत्तर देण्यासाठीं बॅटसन व त्यांचे सहकारी यांनीं १९८१ सालीं एक युक्ति योजिली. विद्यार्थिनींना असें भासविलें कीं, इलेन नांवाच्या मुलीला विजेचे धक्के दिले जात आहेत आणि तिला ते सोसवत नाहींत. वास्तविक धक्का कोणालाच दिला जात नव्हता. 'तिच्या जागीं तुम्ही बसाल का?' असें मग विचारलें. कांहींना लगेच निघून जाण्याची मुभा होती. कांहींना नाहीं म्हटलें तरी शेवटपर्यंत पाहात बसणें भाग होतें. जिला केवळ स्वतःची अस्वस्थता टाळावयाची आहे, ती वाट मोकळी असतां निघून जाईल. जिला खरोखर इलेनचें दुःख टाळावयाचें आहे, ती वाट मोकळी असूनही थांबेल, असा हा तर्क होता. इलेन आपल्यासारखीच नाहीं असें ज्यांना वाटत होतें त्यांत, वाट मोकळी असतां, अकरा जणींपैकीं दोघीच थांबल्या. इलेन आपल्यासारखीच आहे असें ज्यांना वाटत होतें त्यांत, वाट मोकळी असूनही अकरांपैकीं दहा जणी तिच्या जागीं बसावयास तयार झाल्या. यावर दुसरे पंडित म्हणतात कीं, आपल्यासारखीच वाटली म्हणजे ती परकी राहिलीच कोठें? तेव्हां हा स्वार्थाचाच एक विस्तार आहे. हा वाद अद्याप मिटलेला नाहीं, आणि अकराअकरा जणींच्या गटांवरून तो मिटूं नये हेंच बरें. परंतु परकें कोणाला म्हणावें ही रेघ माणसाच्या मनांत पुढेंमागें सरकूं शकते, एवढें तरी त्यांतून दिसलें.

या सर्व प्रयोगांना एक उणीवही आहे. त्यांतील कित्येकांत चांगल्या माणसांना खोटें संकट दाखवून फसविलें गेलें. आणि प्रयोगशाळेंतील खेळांत उदार ठरलेला मनुष्य बाहेरच्या व्यवहारांतही तितकाच उदार निघेल, असें पुढील तपासांत ठामपणें दिसून आलेलें नाहीं. तेव्हां अमुक मनुष्याच्या अंगीं परोपकार किती शेर आहे, हें या शास्त्राला सांगतां येत नाहीं. त्याला सांगतां येतें तें निराळेंच: कोणत्या प्रसंगीं परोपकार वाढतो आणि कोणत्या प्रसंगीं आटतो. घाईनें तो आटतो. जबाबदारी अनेकांत विभागली म्हणजे आटतो. कोणी पाहात नसलें म्हणजे कमी होतो. समोरचा आपला वाटला म्हणजे वाढतो. मापलें जातें तें माणसाचें मन नव्हे. मापली जाते ती त्याच्याभोंवतींची परिस्थिति.

आणि येथें मला पुन्हां वलगांवची आठवण होते. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांनीं यांतील एकही निबंध वाचला नव्हता. त्यांना शाळाही ठाऊक नव्हती. अंगावर चिंध्या, डोक्यावर मातीचें गाडगें आणि हातांत खराटा अशा वेषांत ते अनोळखी म्हणून गांवांत शिरत, आणि कोणाला न विचारतां गांवचीं गटारें व रस्ते झाडूं लागत. रात्रीं त्याच वेड्यासारख्या दिसणाऱ्या मनुष्याचें कीर्तन होई. गांव घाण आहे हें साऱ्या गांवाला दिसत असतें. पण ज्यानें त्यानें दुसऱ्याची वाट पाहावयाची, हा तर त्या पांच खोल्यांतील विद्यार्थ्यांचाच प्रकार. एकानें खराटा उचलला कीं वाट पाहणें संपतें, हें महाराजांना आकडेवारीवांचून कळलें होतें.

दुसरें असें कीं, वाटसरूचें रात्रीचें आसरें त्यांनीं कोणाच्या क्षणिक दयेवर सोंपविलें नाहीं. पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई अशा ठिकाणीं त्यांनीं धर्मशाळा उभ्या केल्या. शहरांतील मनुष्य घाईंत असणारच, आणि घाईंतल्या दहांपैकीं एकच थांबणार. तेव्हां परगांवाहून आलेल्या गरिबाला त्या एकाची वाट पाहावी लागूं नये, अशी ही तजवीज आहे. धर्मशाळेच्या भिंतीला उशीर होत नाहीं. दयेचा उपदेश त्यांनीं केलाच. पण दया सोपी होईल अशी परिस्थितिही निर्माण केली. मला वाटतें, साठसत्तर वर्षांच्या प्रयोगांचें सारही याहून फारसें निराळें नाहीं.

मात्र त्या दहांतील जो एक थांबला, तो कां थांबला, हें कोणतेंच कोष्टक सांगत नाहीं. घाई त्यालाही होती, विषय तोच होता, बोळही तोच होता. 'थोडें बसलों कीं बरें वाटेल', हें उत्तर त्यालाही ऐकावयास मिळालें असेल. आमच्याकडील गरीब मनुष्य तर हें उत्तर जन्मभर देत आलेला असतो. आपल्यामुळें कोणाचा खोळंबा होऊं नये, म्हणून गुडघा धरून बसलेला म्हाताराच मदत करणाऱ्याला मोकळें करतो. त्यानें दिलेली ती सूट न घेणें, या एका गोष्टींत तीन गुण आणि चार गुण यांमधील सारें अंतर आहे.

त्या दिवसानंतर मी अधिक दयाळू झालों कीं नाहीं, हें मला सांगतां येणार नाहीं. आणि तें मोजावयास कोणी बसलें आहे असेंही नाहीं. एक बदल मात्र मीं केला आहे, आणि तो कोणालाही करतां येईल. कोठेंही जावयाचें असलें तर मी आतां वीस मिनिटें अगोदर निघतों.